डोक्यातली गाठ : थांबायचं की कापायचं, आणि ठरवायचं कोणी?

(स्त्री-आरोग्य कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन केलं आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्या शिबिरांत आरोग्याचा विषय निघाला की तो बहुधा कमरेखाली सुरू होतो आणि तिथेच संपतो. अंगावरून जाणं, पांढरं जाणं, गर्भपात, पिशवी काढणं. त्यात गैर काही नाही. सरकारनं आणि डॉक्टरांनी बाईकडे पाहिलं ते तेवढ्याच भागापुरतं, म्हणून आपल्याला भांडावंही तिथेच लागलं. पण आज मला डोक्याबद्दल बोलायचं आहे.

कारण असं की गेल्या तीन वर्षांत आमच्या केंद्रावर तीन बायका एकच शब्द लिहिलेला रिपोर्ट घेऊन आल्या. शब्द होता मेनिंजिओमा. तिघींचा आजार एक, पण तिघींच्या वाट्याला आलं ते अगदी वेगवेगळं, आणि ते वेगळेपण आजारामुळे आलेलं नव्हतं. मला तो शब्द आधीपासून पाठ होता, कारण २०१६ सालापासून माझ्याही डोक्यात एक मेनिंजिओमा आहे. दचकू नका. मी इथपर्यंत एसटीनं आले आहे आणि जेवणानंतर भांडी घासायच्या पाळीतही माझं नाव आहे.

आधी हे काय असतं ते पाहू. नारळ फोडला की करवंटी आणि खोबरं यांच्यामध्ये एक पातळ तपकिरी साल दिसते. आपली कवटी आणि मेंदू यांच्यामध्येही अशी आवरणं असतात, एक नाही, तीन. मेनिंजिओमा उगवतो तो या सालीतून, खोबऱ्यातून नव्हे. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ती मेंदूची गाठ नाहीच, मेंदूच्या आवरणाची आहे. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननं १९२२ साली तिला हे नाव दिलं. मोठ्या माणसांच्या कवटीत मूळ धरणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यांत जास्त आढळते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दुपटीहून जास्त. दहापैकी साधारण आठ गाठी पहिल्या दर्जाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या आणि सावकाश वाढणाऱ्या असतात.

डॉक्टर याला 'बिनाइन' म्हणतात, आपण 'साधी गाठ' म्हणतो. हा 'साधी' शब्द मात्र जपून वापरायला हवा. पोटात लिंबाएवढी साधी गाठ असली तर तिला सरकायला जागा असते. कवटीत जागाच नसते. तिथे लहानशी गाठ दृष्टीच्या नसेजवळ बसली तर डोळा घेऊ शकते, आणि तिच्याहून मोठी गाठ कपाळाच्या वरच्या बाजूला वर्षानुवर्षं काही न करता पडून राहू शकते. म्हणून गाठ केवढी आहे हे विचारण्याच्या आधी कुठे आहे हे विचारायचं.

पूर्वी ही गाठ सापडायची तीच मोठी झाल्यावर, फिट आल्यावर, हातपाय लुळा पडल्यावर. आता तालुक्याच्या गावीसुद्धा सीटी स्कॅनचं मशीन आलंय. कोणी मोटरसायकलवरून पडतं, कोणाला चक्कर येते, स्कॅन काढतात आणि भलतंच सापडतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात पंचेचाळिशीच्या पुढच्या दोन हजार लोकांचे एमआरआय काढले होते, आणि त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. कसलीही तक्रार नसलेल्या या माणसांत मेनिंजिओमा सापडला जवळपास शंभरात एकाला. बायकांत १.१ टक्के, पुरुषांत ०.७ टक्के. म्हणजे ही गाठ डोक्यात घेऊन संसार करणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या, नव्वदीत दुसऱ्याच कशानं तरी जाणाऱ्या कितीतरी बायका आहेत. त्यांना कधी कळलंच नाही.

ज्यांना कळलं त्यांचं काय होतं, ते आमच्याकडे आलेल्या तिघींवरून सांगते. नावं आणि गावं सांगणार नाही.

पहिल्या ताई पंचावन्नच्या पुढच्या. बरीच वर्षं अर्धशिशी. मुलानं शहरात नेऊन एमआरआय केला, त्यात बारा मिलिमीटरची, चुना धरलेली गाठ निघाली. चुना धरलेली म्हणजे कॅल्शियम साठून कडक झालेली. अशा गाठी बहुधा वाढत नाहीत, वाढल्या तरी फार हळू. पण घरात 'ब्रेन ट्यूमर' हा शब्द शिरला आणि चार दिवसांत ऑपरेशन ठरलं. कोणी वाईट हेतूनं ठरवलं असं मी म्हणत नाही. मुलगा घाबरला होता, त्यानं जमीन गहाण टाकली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, गाठ निघाली. अर्धशिशी मात्र आहे तशी आहे, कारण ती गाठीमुळे नव्हतीच. लहान गाठ आणि डोकेदुखी एकाच डोक्यात असल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही, आणि डोकं तर आपल्यापैकी निम्म्या जणींचं दुखतं. "हे काढलं तर माझी डोकेदुखी जाईल का?" हा एक प्रश्न त्या ताईंनी विचारायला हवा होता असं आपण म्हणू. पण विचारणार कशा? डॉक्टर बोलत होते मुलाशी. ताई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

दुसरी बाई चाळिशीची, शिवणकाम करणारी. तिला डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर होतं : गाठ लहान आहे, आत्ता काही करायला नको, थांबून पाहू. पण 'थांबू' एवढंच घरी पोचलं, 'पाहू' रस्त्यात गळलं. कोणत्या महिन्यात परत यायचं हे कोणी कागदावर लिहून दिलं नाही. एमआरआयला येणारा खर्च बघून नवरा म्हणाला, डॉक्टरच म्हणालेत काही नाही म्हणून. सहा वर्षं गेली. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तिनं चष्मा बदलला. दोनदा बदलला. गाठ दृष्टीच्या नसेला खेटून होती. ऑपरेशन झालं, एक डोळा वाचला, दुसऱ्यानं तिला आता फक्त उजेड-अंधार कळतो.

या दोघींना शेजारी ठेवून पाहा. एकीला कापायची घाई झाली, दुसरीला सोडून दिलं गेलं. 'थांबून पाहणं' हा उपचारच आहे, आणि कित्येकींसाठी तो सगळ्यांत चांगला उपचार आहे. पण त्याला तारीख लागते, पैसा लागतो, जुने फोटो जपून ठेवावे लागतात आणि त्या बाईच्या जिवाला घरात काही किंमत असावी लागते. यातलं काहीच नसेल तर त्याला थांबून पाहणं म्हणता येणार नाही.

तिसरी मुलगी तेविशीची, लग्नाला वर्ष झालेली. तिला फिट आली. आधी कांदा हुंगवला, मग चप्पल, मग बाहेरचं बघणाऱ्याकडे नेलं, मग माहेरी आणून सोडलं. एमआरआय केला तो माहेरच्यांनी. मेंदूला सूज आणणारी चार सेंटिमीटरची गाठ निघाली. तिथे थांबण्याचा प्रश्नच नव्हता, ऑपरेशन झालं आणि मुलगी आज ठीक आहे. सासरच्यांनी वकील गाठला होता, फसवून लग्न लावलं म्हणून. कार्यकर्त्यांना हे माहीत असायला हवं की फेफरं हे हिंदू विवाह रद्द ठरवण्याचं कारण १९९९ सालच्या दुरुस्तीनं कायद्यातून काढून टाकलेलं आहे. नोटिशीचं उत्तर आम्ही तेवढ्यावर दिलं.

आता गाठ वाढते कशी ते सांगते, कारण सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात. बऱ्याचशा गाठी वाढतच नाहीत. वाढणाऱ्यांपैकी बहुतेक वर्षाला एक ते तीन मिलिमीटर वाढतात. तरुण वयात जास्त वेगानं, म्हातारपणी हळू. चुना धरलेली असेल तर हळू. एमआरआयच्या एका विशिष्ट प्रकारच्या फोटोत चकचकीत पांढरी दिसत असेल, किंवा भोवतीच्या मेंदूला सूज असेल, तर लक्ष जास्त ठेवायचं. पण पहिल्या फोटोवरून वेग कळत नाही. मुलाची उंची एकदा मोजून तो किती भराभर वाढतोय हे सांगता येईल का? म्हणून दुसरा फोटो महत्त्वाचा. युरोपातल्या मेंदूच्या गाठींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तक्रार नसलेल्या गाठीसाठी त्यांचा क्रम असा : पहिल्या एमआरआयनंतर सहा महिन्यांनी दुसरा, मग दर वर्षी, आणि पाच वर्षं शांततेत गेली तर दोन वर्षांतून एकदा. खूप वय झालेलं असेल, इतर आजार असतील, तर हेही सोडून देता येतं आणि फक्त काही त्रास होतो का ते बघतात.

एमआरआयबद्दल दोन-तीन गोष्टी. त्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे वर्षावर्षाला केल्यानं किरणांचा धोका साठत नाही. मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं बाहेर ठेवावं लागतं. बाईनं मंगळसूत्र काढायला नकार दिला म्हणून तपासणी न करताच परत आलेलं जोडपं मी पाहिलंय, तेव्हा घरून निघतानाच बोलून ठेवा. तांबी असेल तर तंत्रज्ञाला सांगायचं, बहुधा त्यानं अडत नाही. शिरेतून जे रंगद्रव्य देतात ते गरोदरपणात शक्यतो टाळतात आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगावं लागतं. आणि रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी मागून घ्यायची. कागदावर फक्त आकडा असतो, डॉक्टरला फोटो लागतो.

आकड्यांचं माझंच उदाहरण घ्या. २०१६ साली माझी गाठ १४ मिलिमीटर होती. डाव्या बाजूला, कपाळाच्या वर, कवटीच्या अगदी आतल्या अंगाला. तेव्हा मी एकोणपन्नासची होते. सहा महिन्यांनी १४. मग १४, १५, १४, १५. मोजणाऱ्याच्या हातानं एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतोच, त्यानं झोप उडवून घ्यायची नसते. २०२१ साली १६, २०२३ साली १७, २०२५ मध्ये १९. या प्रत्येक रिपोर्टखाली लिहिलंय, 'मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही.' ते खरंच आहे. पंधराच्या तुलनेत सोळा म्हणजे काही नाही, सतराच्या तुलनेत एकोणीसही फारसे नाहीत. पण चौदाच्या शेजारी एकोणीस ठेवले की गाठ वाढतेय हे दिसतं. म्हणून दर वेळी सगळ्यांत पहिली सीडी बरोबर न्यायची आणि डॉक्टरांना म्हणायचं, याच्याशी ताडून बघा. हे मी वहीत आकडे एकाखाली एक लिहिले म्हणून माझ्या लक्षात आलं, डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांच्यासमोर पेशंटची रांग असते आणि हातात फक्त मागचा कागद.

मग मी दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाले, वाढतेय, गामा नाइफ करून मोकळ्या व्हा. दुसरे म्हणाले, नऊ वर्षांत पाच मिलिमीटर, त्रास काही नाही, अजून थांबा. दोघंही जाणकार, दोघंही प्रामाणिक. तज्ज्ञांमध्ये मतभेद असतात तेव्हा आपण बायका पटकन घाबरतो, की म्हणजे आता कोणालाच कळत नाहीये. मला उलट वाटलं. दोन चांगले डॉक्टर दोन गोष्टी सांगतात याचा अर्थ दोन्ही चालण्यासारख्या आहेत, आणि त्यातून निवडायला आता माझं वय, माझं काम, माझी भीती यांना जागा आहे.

रस्ते तीन असतात. थांबण्याबद्दल बोललेच. दुसरा ऑपरेशनचा. कवटी उघडून गाठ काढायची, जमलं तर तिचं मूळ धरलेलं आवरणही. किती काढता आलं यावर ती परत येण्याची शक्यता ठरते, हे डोनाल्ड सिम्प्सन यांनी १९५७ सालीच दाखवलं होतं आणि सर्जन आजही त्यांचीच श्रेणी वापरतात. माझ्यासारखी वरच्या बाजूची गाठ पूर्ण निघण्याची शक्यता चांगली असते. कवटीच्या तळाशी, नसा-रक्तवाहिन्यांना गुंडाळून बसलेली गाठ पूर्ण काढायच्या हट्टात डोळा, चेहरा, गिळणं यांचं नुकसान होऊ शकतं, म्हणून शहाणे सर्जन तिथे थोडी मागे ठेवतात. पूर्ण निघाली तरी एमआरआय पुढे वर्षानुवर्षं चालूच राहतात, हे आधी सांगत नाहीत म्हणून सांगते. या रस्त्याचा एक फायदा असा की गाठ प्रयोगशाळेत जाते आणि तिचा दर्जा नक्की कळतो. फोटोवरून तो अंदाजच असतो.

तिसरा रस्ता किरणांचा. गामा नाइफ म्हणतात पण त्यात चाकू नसतो. लार्स लेक्सेल या स्वीडिश सर्जनचं पहिलं यंत्र १९६८ साली सुरू झालं. अनेक दिशांनी बारीक किरण गाठीवर एकवटतात, बहुधा एकाच दिवसात काम होतं. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि दृष्टीच्या नसेपासून अंतर राखून असलेल्या गाठीला हे चालतं. गाठ यात नाहीशी होत नाही, वाढ थांबवणं हाच हेतू. दहातल्या नऊ जणींमध्ये ती बरीच वर्षं थांबते. काहींना नंतरच्या महिन्यांत मेंदूला सूज येऊन त्रास होतो. आणि गाठीचा तुकडा हाती लागत नाही, त्यामुळे दर्जा कळायचा राहतोच.

गोळ्यांनी ही गाठ विरघळवून देतो म्हणणारे भेटतील. तसं औषध नाही. आपल्या ओळखीची एक गोळी यासाठी तपासून झाली आहे, गर्भपाताची मिफेप्रिस्टोन. ती प्रोजेस्टेरॉनला अडवते म्हणून आशा होती. अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल २०१५ साली आले, उपयोग दिसला नाही.

मी काय ठरवलं? घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई आहे, तिला उठवायला-बसवायला मीच. या गोष्टीबद्दल मला एकाही डॉक्टरांनी विचारलं नाही, मी मात्र ती हिशेबात धरली. मी आणखी थांबतेय, पण आता सहा महिन्यांच्या अंतरानं. आणि एक आकडा ठरवून ठेवलाय. गाठ बावीसच्या पुढे गेली, किंवा फिट आली, किंवा उजव्या हातापायात काही जाणवलं, तर ऑपरेशन करायचं, किरण नाही, कारण मला तिचा दर्जा जाणून घ्यायचा आहे आणि माझी जागा ऑपरेशनला सोपी आहे. बावीस हा आकडा शास्त्रानं दिलेला नाही. मी आणि माझ्या डॉक्टरांनी मिळून धरलाय. घाबरलेल्या क्षणी ठरवायला लागू नये म्हणून शांतपणी ठरवून ठेवला. तुमच्यापैकी कोणी माझ्या जागी असती तर कदाचित उलटं ठरवलं असतं, आणि ते चूक ठरलं नसतं.

आता आपल्या जुन्या भांडणाकडे येते. इथे ज्यांचे केस पिकलेत त्यांना नेट-एन आठवत असेल. दर दोन महिन्यांनी घ्यायचं संततिप्रतिबंधक इंजेक्शन. त्याच्या चाचण्या बायकांना नीट न सांगता होत होत्या म्हणून हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मग १९९३ साली डेपो-प्रोव्हेराला विक्रीची परवानगी मिळाली, त्यावरही आपण बोललो, लिहिलं, मोर्चे काढले. २०१७ पासून तेच औषध 'अंतरा' या नावानं सरकारी कार्यक्रमात आहे, तीन महिन्यांतून एकदा, फुकट.

मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रान्सचा एक अभ्यास छापून आला. मेनिंजिओमाचं ऑपरेशन झालेल्या १८,०६१ बायका आणि तुलनेसाठी तशाच ९०,३०५ बायका. हे इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांत ऑपरेशन लागेल असा मेनिंजिओमा होण्याची शक्यता साडेपाच पटीनं जास्त दिसली. 'साडेपाच पट' ऐकून लगेच पत्रक लिहायला बसू नका. पुढचं ऐका. त्या अठरा हजारांत हे इंजेक्शन घेतलेल्या होत्या फक्त नऊ, आणि तुलनेच्या नव्वद हजारांत अकरा, कारण फ्रान्समध्ये ते फार कमी वापरतात. आजार मुळात विरळा, त्यामुळे साडेपाच पट होऊनही एकेकीचा धोका लहानच राहतो. तांबीचा तर यात संबंधच नाही, आणि लेव्होनॉरजेस्ट्रेलचं हार्मोन असलेली जी गर्भाशयात बसवायची वस्तू आहे तिच्यात वाढीव धोका दिसला नाही.

मग मागायचं काय? माझ्या मते बंदी नाही. ज्या बाईला नवऱ्याला न सांगता पाळणा लांबवायचाय तिला हे इंजेक्शन किती उपयोगी पडतं ते आपण वस्तीत बघतो. मागायचं ते हे की देण्याआधी तिला हे सांगितलं जावं, तिच्या भाषेत. ज्या बाईला मेनिंजिओमा आहे किंवा होता तिला ते देऊ नये, असं युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०२४ साली म्हटलं. आपल्या उपकेंद्रात सुई टोचण्याआधी हा प्रश्न विचारतात का, हे परत गेल्यावर आपापल्या एएनएमला आणि आशाताईंना विचारून या. आणि वर्षानुवर्षं इंजेक्शन घेणारी बाई नव्यानं डोकं दुखतंय, दिसायला कमी झालंय, वास येत नाही म्हणाली, तर 'हवापालट' म्हणून सोडू नका.

सायप्रोटेरोन नावाचं दुसरं हार्मोन पीसीओडीच्या, मुरमांच्या आणि चेहऱ्यावरच्या केसांच्या काही गोळ्यांत असतं. मोठ्या मात्रेत, बरीच वर्षं घेतलं तर त्याचाही मेनिंजिओमाशी संबंध पक्का झालाय आणि ते थांबवल्यावर काहींच्या गाठी आक्रसल्याही आहेत. आपल्याकडच्या गोळ्यांत मात्रा लहान असते, तिच्यामुळे धोका दिसलेला नाही, पण ज्यांना गाठ आहे त्यांनी त्याही घेऊ नयेत असा २०२० सालचा युरोपचाच सल्ला आहे. म्हणून गाठ निघालेल्या बाईनं आजवर घेतलेली सगळी हार्मोन्स आठवून लिहायची, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांपासून. गरोदरपणात काही गाठी एकदम वाढतात, तेव्हा मूल हवं असेल तर न्यूरोसर्जन आणि बाळंतपणाच्या डॉक्टर या दोघांशी आधी बोलायचं. फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण व्हॅल्प्रोएट नावाची गोळी असेल तर बदलून मागायची. तिनं दहातल्या एका बाळात व्यंग येतं. तरुण मुलींना ती अजून सर्रास लिहिली जाते, त्याचा मला राग आहे.

सहीचं बोलू. 'नवऱ्याची सही आणा' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची संमती लागते, आणि कायद्याला ती पुरते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. तिथे बाई तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडाशयं काढली होती. न्यायालय म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. मेंदूच्या ऑपरेशनला हे जास्तच लागू आहे, कारण आत गेल्यावर किती काढायचं, डोळ्याच्या नसेला चिकटलेला भाग ओढायचा की ठेवायचा, हे आधी बोलून ठेवता येतं. ते बोलणं बाकावर बसलेल्या बाईशी व्हायला हवं.

केसांचंही विचारायचं. हसू नका. एक बाई मला म्हणाली, मरणाची भीती नाही वाटत, पण डोकं भादरलेलं गावाला दिसेल. नवरा गेल्यावर तिच्या आजीचं केशवपन झालं होतं, ती आठवण घरात होती. आता बहुतेक ठिकाणी चिरेपुरती पट्टीच काढतात. पण विचारलं नाही तर सवयीनं सगळे उतरवतात.

पैशाचा भाग कडू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन बसतं, कारण ती मुळात भरती करून द्यायच्या उपचारांची योजना आहे. दर वर्षीचा एमआरआय भरती न होता करायचा असतो, तो खिशातून. म्हणजे गरीब बाईला कापून घेणं फुकट आणि थांबून पाहणं विकत. पहिल्या ताईंच्या मुलाला योजना माहीत नव्हती ही गोष्ट वेगळी. पण दुसऱ्या बाईचा डोळा याच फटीत गेला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एमआरआय कमी दरात होतो, मात्र तारीख लांबची मिळते, म्हणून या वर्षीचा झाला की तिथेच पुढच्या वर्षीची मागायची. आमच्या बचत गटानं दोघींसाठी एमआरआयची वेगळी भिशी सुरू केली आहे. ती चालते, पण भिशीनं भागवावं लागतंय हे काही अभिमानानं सांगायचं नाही. तपासणीचा खर्च योजनेत घ्या, हे निवेदन आपण करायला हवं. मसुदा मी आणलाय, त्यावर उद्या सकाळच्या सत्रात बोलू.

आणि वही. आम्ही शाळेची शंभर पानी वही वापरतो. पहिल्या पानावर गाठ कुठे आहे ते डॉक्टरांकडूनच लिहून आणि चित्र काढून घ्यायचं. मग तारीख आणि आकडे एकाखाली एक. सीडी कुठल्या डब्यात आहे तेही लिहायचं, कारण दिवाळीच्या सफाईत त्या जातात. पुढची तारीख वहीत आणि गटाच्या रजिस्टरमध्येही, म्हणजे बाई विसरली, किंवा तिला विसरायला लावलं, तरी महिन्याच्या बैठकीत कोणीतरी नाव वाचेल. भरलेल्या वहीचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, माझीच आहे, बघून जागेवर ठेवा. कोरे छापील तक्ते पन्नासच आणलेत, तेव्हा एका गटानं एकच घ्या. आता तुमचे प्रश्न.